आमची वाटचाल : पानाला 60 पैसे

सांगलीत आमच्या झेरॉक्स-स्कॅनिंगच्या दुकानाचं नाव निघालं की लोक पहिलं महापुराचंच काढतात. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं, झेरॉक्सची मशीनं गेली, कटिंग मशीन गंजलं, गिऱ्हाइकांची बाडं भिजली, सगळं खरं. पण पुरानं आम्हाला मारलं नाही. हार्ड डिस्कची दुसरी कॉपी पहिल्यापासून मिरजेला मेहुण्याकडं असते. भिजलेले अहवाल उन्हात न टाकता पिशव्यांत भरून मिरजेतल्याच एका आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवले, कारण गोठलेल्या कागदावर बुरशी धरत नाही, मग सवडीनं एकेक काढून टिपकागद घालून वाळवले. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं तेवढी एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

आम्ही बुडायला आलो होतो ते त्याच्या आधी, स्कॅनिंगच्या पानाला 60 पैसे या रेटमुळं.

सुरुवात झेरॉक्स आणि डीटीपीनं झाली, मधली वर्षं थिसिस बाइंडिंग, स्पायरल, लग्नपत्रिका, त्यात सांगण्यासारखं काही नाही. स्कॅनिंगकडं आम्हाला ओढलं ते सरांनी. सर म्हणजे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून रिटायर झालेले, जुने अहवाल गोळा करायचा नाद, दुष्काळाचे, सोसायट्यांचे, नगरपालिकेचे, काय वाट्टेल ते. एक पान स्कॅन झालं की लाल पेन्सिल घेऊन स्टुलावर बसायचे, तक्त्यातला प्रत्येक उभा रकाना बेरीज करायचे आणि खाली छापलेल्या एकूण आकड्याशी ताडून बघायचे. जुळलं तरच पुढचं पान. आमची पोरं वैतागायची पण तीच सवय आमच्या धंद्याची ओळख झाली, आजही आमच्याकडं ओसीआर (म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालेला तक्ता बेरीज जुळल्याशिवाय बाहेर जात नाही.

तर एका मोठ्या संस्थेनं (नाव नको, रोज तोंड बघायचंय) आपले सगळे जुने वार्षिक अहवाल ऑनलाइन टाकायचं ठरवलं. आम्ही पानाला 2 रुपये 50 पैसे सांगितले, त्यात बाइंडिंग न तोडता स्कॅन, पानांची मोजणी, ओसीआर आणि आकड्यांची तपासणी. बाहेरून आलेल्या एकानं 60 पैसे सांगितले आणि काम त्याला गेलं. वर आम्हालाच सुनावलं की अहो बटणच तर दाबायचंय. त्यानं काय केलं तर सगळ्या खंडांचे कणे कटिंग मशीनवर उडवले, सुटी पानं फीडरला (पानं आपोआप आत ओढणाऱ्या ट्रेला) लावली, 150 डीपीआय (म्हणजे इंचाला 150 ठिपके), निव्वळ काळं-पांढरं, फीडरनं दोन पानं एकदम ओढली तरी मोजतंय कोण. आमची दोन पोरंही जास्त पगारावर तिकडं गेली. त्या वर्षी पगार सोनेतारणावर केले, आणि गल्लीतले लोक येऊन सांगून जायचे की बघा तो किती फास्ट करतो.

मग एक एमएची मुलगी ते पीडीएफ घेऊन सरांकडं आली, कर्जवाटपाचे आकडे कुठंच जुळेनात. सरांनी पेन्सिल काढली. 6 चे 8 झालेले, 3 चे 8 झालेले, कारण कमी डीपीआयला काळ्या-पांढऱ्यात आकड्याची पोकळी बुजते. आणि मूळ पानं बघावीत तर ती कणा कापून गठ्ठ्यात, क्रम गेलेला. यात नवल नाही, 2013 ला डेव्हिड क्रीझेल या जर्मन माणसानं दाखवलं होतं की झेरॉक्स कंपनीच्या काही मशीनांत स्कॅन केलेल्या कागदावर 6 चा 8 होतो. तिथं तर बुजायचाही प्रश्न नव्हता, फाईल लहान करताना मशीन सारख्या दिसणाऱ्या दोन आकड्यांना एकच समजायचं आणि एकाच्या जागी दुसऱ्याचं चित्र चिकटवायचं, म्हणजे पान अगदी स्वच्छ दिसणार आणि आकडा चुकीचा. फाईल संशय यावा इतकी हलकी असेल तर आकडे आधी तपासा.

आता कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी अहवाल घेऊन येतात म्हणून, विचारलं नाही तरी सांगतो. 300 डीपीआयच्या खाली जाऊ नका, बारीक टायपाचे तक्ते असतील तर 400, आणि ग्रेस्केलच (राखाडी छटांसकट) घ्या. मूळ टिफ (दर्जा न घटवता साठवलेली चित्राची फाईल) ठेवा, पीडीएफ त्यातून काढा, उलटं केलं तर गेलेला बारकावा परत येत नाही. जाड बाइंडिंगला जुना जाडजूड सीसीडी फ्लॅटबेड (काचेवर पुस्तक उपडं ठेवायचा, भिंगाचा स्कॅनर) वापरा, नवे चपटे स्कॅनर कण्याजवळच्या ओळी धुरकट करतात. कागद पातळ असेल तर मागं काळा कागद ठेवा, पाठची अक्षरं दिसायची थांबतात. वाकडी पानं सरळ करायला स्कॅनटेलर आहे, ओसीआरला टेसरॅक्ट आहे, दोन्ही फुकट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा निवडा नाहीतर तक्त्यातल्या इंग्रजी मथळ्यांचा चोथा होतो. जुन्या छपाईतले अनुस्वार आजच्या शुद्धलेखनाप्रमाणं पुसत बसू नका, शुद्धलेखनाचे नवे नियम 1962 ला आले, त्याआधी ते तसेच लिहायचे. जाहिरातींची पानं, घडीचा नकाशा, आणि मागं सुटी चिकटवलेली शुद्धिपत्राची चिठ्ठी, हे सगळं स्कॅन करा, ती चिठ्ठीच नेमकी हरवते आणि त्यातच खरा आकडा असतो.

ऑनलाइन टाकायच्या आधी हक्क बघा. सरकारी प्रकाशनाला आपल्याकडं 60 वर्षं कॉपीराइट असतो, विधिमंडळासमोर ठेवलेल्या समित्यांच्या अहवालांना कायद्यात सूट आहे, पण सोसायटी किंवा ट्रस्टचा अहवाल असेल तर सेक्रेटरीची सही असलेलं पत्र घ्या, तोंडी हो काही कामाचं नाही. थकबाकीदारांची नावं, पत्ते झाकायचे असतील तर पीडीएफवर नुसता काळा चौकोन काढू नका, ओसीआरचा मजकूर खाली तसाच राहतो आणि कॉपी करून कुणीही वाचतं. चित्रातच खोडा आणि मग ओसीआर करा. आणि फाईलचं नाव फायनल-नवीन-2 ठेवू नका बाबांनो, संस्था, वर्ष, भाग असं ठेवा. इंटरनेट आर्काइव्हवर (फुकटच्या ऑनलाइन ग्रंथालयावर) टाकताना शीर्षक मराठीत आणि रोमनमध्ये दोन्ही द्या, आपली निम्मी माणसं रोमनमध्येच शोधतात.

त्या संस्थेचं काम शेवटी आमच्याकडंच आलं, सुटी पानं, क्रम लावून, पुन्हा पहिल्यापासून. रेट 2 रुपये 50 पैसेच लावला, एक पैसा कमी केला नाही. पहिलं बिल मंजूर झालं, दुसरं अकाउंट सेक्शनला आहे म्हणतात. शनिवारी चारनंतर फ्लॅटबेड मोकळा असतो, अहवाल घेऊन या, मोबाईलवर काढलेले फोटो आणू नका, आणि बेरजा तुम्ही स्वतः करणार असाल तर पैसे घेत नाही.