अढी न लावलेलं फळ

आंबा पाडाला लागला की उतरवायचा, पेंढ्यात अढी लावायची आणि रोज नाक खुपसून वास घ्यायचा. माझं बालपण रत्नागिरीतलं, त्यामुळे फळ पिकवायचं ते असंच, ही पक्की समजूत. नवऱ्याच्या नोकरीपायी दक्षिण आफ्रिकेतल्या लिम्पोपोत आले आणि अंगणातल्या मरुलाने ती मोडीत काढली.

या झाडावर कुणी चढत नाही. जानेवारीत फळं हिरवीच टपाटप गळतात आणि पिवळी होतात ती खाली गवतात. पहिल्या वर्षी मी 'कच्चीच गळली बिचारी' म्हणत सगळी झाडून कचऱ्यात टाकली. शेजारच्या गोगोने (इथे आजीला गोगो म्हणतात) कुंपणावरून ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मरुलात नर आणि मादी झाडं वेगळी. तिच्या दारातला नर. "नुसती सावली देतो, माझ्या म्हाताऱ्यासारखा," इति गोगो.

मग तिनेच खायला शिकवलं. जाड साल दातांनी फोडायची आणि चोखायचं. आत पांढरट, बुळबुळीत गर, कोयीला असा चिकटलेला की सुटता सुटत नाही. चव आंबटगोड, आणि ओळखीची वाटली ती उगीच नव्हे. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी ही सगळी मरुलाची भावकी.

खाणाऱ्यांइतकेच पिणारेही. बायका गर पिळून, पाणी घालून दोन-चार दिवस आंबवतात. उत्तर नामिबियात या पेयाचा, ओमागोंगोचा, उत्सवच असतो. २०१५ साली तो युनेस्कोच्या यादीत गेला. पडकी फळं खाऊन हत्ती झिंगतात, हे तर प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागतं. २००६ साली ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी गणित मांडून ते खोडलं, पुढे त्या गणितावरही शंका निघाल्या. हत्तींना कुणी विचारलेलं नाही.

माझा जीव मात्र कोयीत. वाळलेली कोय दगडावर उभी धरायची, दुसऱ्या दगडाने ठोकायची, मग टोकदार तारेने आतले दोन-तीन दाणे अलगद काढायचे. गोगोचा हात सपासप चालतो. मी तासभर ठोकून दोन चमचे दाणे आणि एक काळंनिळं बोट कमावलं.

रविवारी ते श्रीखंडावर पेरले. नवरा वाटी चाटूनपुसून म्हणाला, "चारोळी आहे होय आपल्याकडे?"