पाटा वाढवण्याआधी वजनकाटा

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा भाड्याने जनरेटर देण्याचा छोटा व्यवसाय आहे. पिकअपच्या मागे दोन चाकांची जनरेटर ट्रॉली जोडली की गाडीची मागची बाजू चांगली सहा सेंटिमीटर खाली बसत असे, आणि रात्री ठाणे-बेलापूर रस्त्यावर समोरून येणारे चालक आमच्या दिव्यांना वैतागून डिपर मारत. पाटे, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, बसवणाऱ्या पाटेवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारून ‘अजून एक पाटा टाका, साहेब’ असा सल्ला दिला, जो मी जवळजवळ मान्यही केला होता.

परंतु गायमुखच्या उतारावर स्टिअरिंग विचित्र हलके लागले, तेव्हा प्रश्न केवळ मागच्या पाट्यांचा नाही, अशी शंका आली. गोदामातल्या वजनकाट्यावर ट्रॉलीच्या दांड्याचे टोक टेकवले, तर १,२०० किलोच्या ट्रॉलीचा २१० किलो भार हुकावर येत होता. म्हणजे साडेसतरा टक्के, जो साधारण दहा ते पंधरा टक्के असावा. आमचा हुक पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, १.२ मीटर मागे आहे आणि दोन ॲक्सलमधले अंतर ३ मीटर आहे, त्यामुळे तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर २९४ किलो भार वाढत होता आणि पुढच्या चाकांवरचा ८४ किलो कमी होत होता. वाढीव पाट्याने मागची बाजू उचलली गेली असती, दिवेही सरळ झाले असते. मात्र पुढून उचलले गेलेले वजन पुढे परत आले नसते, ॲक्सलची भार सोसण्याची मर्यादाही वाढली नसती आणि रिकामी गाडी खड्ड्यांत आदळली असती, ते वेगळेच.

दोष आमच्या मांडणीत होता. उतरवायला सोपे जावे म्हणून डिझेलचे कॅन आणि केबलची भेंडोळी, मिळून ९० किलो, आम्ही ट्रॉलीच्या अगदी पुढच्या पेटीत, म्हणजे तिच्या ॲक्सलच्या दोन मीटर पुढे ठेवत होतो. ते सामान जनरेटरच्या कडेला, थेट ॲक्सलवर आणून बांधल्यावर हुकावरचा भार १५० किलोवर आला आणि मागची बाजू चार सेंटिमीटरच बसू लागली. ते आणखी मागे सरकवण्याचा मोह टाळला, कारण हुकावरचा भार दहा टक्क्यांखाली गेला की वेगात ट्रॉली डोलू लागण्याचा धोका वाढतो, आणि तो प्रकार गाडी बसण्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे.

आता ट्रॉलीच्या पत्र्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ आहे. तिच्या पुढे कॅन ठेवायचा नाही, एवढेच मुलांना सांगितले आहे.