छत्तीस नंबरची काच

उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीजवळच्या एका रोमन छावणीतून निघालेले काचेचे एक्केचाळीस तुकडे त्या आठवड्यात घटक मोजण्यासाठी माझ्याकडे होते. प्रत्येकातून तांदळाच्या दाण्याएवढा नमुना कापायचा, रेझिनमध्ये बसवायचा, हिऱ्याच्या पेस्टने घासून आरशासारखा करायचा, वर कार्बनचा पातळ थर द्यायचा. इतक्या जुन्या वस्तूला करवत लावताना माझा हात अजूनही थबकतो. पण वरच्यावर मोजून भागत नाही. जमिनीतल्या ओलीने पृष्ठभागातला सोडा, म्हणजे काचेतलं सोडियमचं संयुग, कधीच धुऊन नेलेला असतो. खरी काच आत असते.

छत्तीस नंबर हा स्नानगृहाच्या खिडकीचा तुकडा होता. निळसर हिरवा, एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत, म्हणजे ओतून केलेला. आत बुडबुडे भरपूर. त्यांना चुकवायला मी मायक्रोप्रोबचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने घटक मोजणाऱ्या यंत्राचा, बीम बारीक केला आणि सोडा आला 13 टक्के. सकाळपासून बाकीचे तुकडे 17च्या आसपास देत होते. मला वाटलं, काहीतरी वेगळंच हाती लागलंय! मग त्याच बिंदूवर पुन्हा मोजलं, तर आकडा आणखी खाली. तेव्हा लक्षात आलं की बारीक बीमच्या माऱ्याखाली सोडियम त्या जागेवरून सरकत होतं. बीम रुंद केला, बुडबुडा नसलेली नवी जागा शोधली, ज्याची घटकरचना आधीच ठाऊक आहे अशी प्रमाणित काच मध्ये एकदा तपासून घेतली. आता सोडा 17. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही एका टक्क्याच्या आत. म्हणजे वनस्पतींच्या राखेची काच नव्हे, इजिप्तच्या वादी नत्रूनमधल्या खाऱ्या तळ्यांतला नेट्रॉन, म्हणजे नैसर्गिक सोडा, वापरून केलेली रोमन काच. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे.

खालच्या ओळींत मात्र मँगॅनीज होतं आणि त्याच्याखाली अँटिमनीही होतं. दोन्ही अर्ध्या टक्क्याच्या आगेमागे.

यात विशेष काय, ते सांगते. वाळूत लोह असतं, त्याने काचेला हिरवट-निळी झाक येते. ती घालवायला रोमन कारागीर अँटिमनी किंवा मँगॅनीज टाकत. अँटिमनी घालून केलेली नितळ काच इजिप्तची. मँगॅनीजची काच मुख्यतः भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याची, जिथल्या बेलुस नदीच्या मुखाशी असलेल्या वाळूचं वर्णन प्लिनी या रोमन लेखकाने केलंय. बाजारातही दोन्हीकडच्या काचेचा भाव वेगळा होता. सम्राट डायोक्लेशनच्या 301 सालच्या दरपत्रकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची काच पौंडाला 24 दिनार, पूर्व किनाऱ्याकडच्या ज्यूडियाची हिरवट काच 13 दिनार. एकाच घाण्यात दोन्ही द्रव्यं घालायचं कुणाला कारण नव्हतं. ती एकत्र सापडतात तेव्हा दोन प्रकारची फुटकी भांडी एका मुशीत गेलेली असतात. छत्तीसमधला चुना आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) हेही दोन्ही काचांच्या बरोबर अधेमध्ये पडत होते.

दुपारी लेझरने सूक्ष्म घटक मोजले. लेझरचा खड्डा नुसत्या डोळ्याला जेमतेम दिसतो, पण दशलक्षात काही भाग इतकंही त्यातून कळतं. शिसं आणि तांबं दशलक्षात शेकडो भाग आलं. स्वच्छ वाळूत एवढं नसतं. गोळा केलेल्या फुटक्या काचेत कुठलातरी रंगीत तुकडा, मणी किंवा मोझेकचा चौकोन शिरला होता.

रात्री आईशी फोनवर बोलताना मी हे सगळं एका दमात सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगं, म्हणजे बोहारीणच की! जुने कपडे घेऊन भांडी देते तशी." मी तिला मार्शलबद्दल सांगितलं. पहिल्या शतकातला हा रोमन कवी तायबर नदीपलीकडच्या एका फेरीवाल्याचा उल्लेख करतो. गंधक लावलेल्या काड्या द्यायच्या आणि बदल्यात फुटकी काच घ्यायची, हा त्याचा धंदा. आई थोडा वेळ गप्प राहिली. "काय गं, तेव्हापासून?" एवढंच म्हणाली.

हा व्यापार किरकोळ नव्हता. इटलीत ग्रादोजवळ बुडालेल्या यूलिया फेलिक्स नावाच्या जहाजात फुटक्या काचेने भरलेलं एक अख्खं लाकडी पिंप सापडलं आहे. कुणीतरी दारोदार फिरून, निवडून, भरून ते समुद्रमार्गे पाठवलं होतं. उत्खननाच्या अहवालांत 'निळसर हिरवी, साधी' असं लिहून खिडकीच्या काचा मागे टाकल्या जातात याचं मला वाईट वाटतं. नक्षीदार पेले कपाटात मांडले जातात, पण या माणसांचा माग साध्या काचेतच राहतो.

दुसऱ्या दिवशी खिडकीचे उरलेले आठही तुकडे मी रुंद बीमने पुन्हा मोजले. पाचांत दोन्ही द्रव्यं निघाली. नितळ पेल्यांच्या तुकड्यांत नुसतं अँटिमनी. चांगली काच पेल्याला आणि जमवलेली खिडकीला, निदान या छावणीत तरी.

छत्तीसमध्ये कोणाचा पेला वितळला, कोणाची अत्तराची कुपी, हे आता कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. शिशाचा आकडा तेवढा वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे.