तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनी सोडून नगरसेवक का झालो

"साहेब, औषध कंपनीत मॅनेजर होतात, पगार होता, गाडी होती. मग नगरसेवक व्हायला कशाला गेलात?" लग्नात, रिक्षात, गड्ड्याच्या यात्रेत, कुठेही हा प्रश्न येतो. ओळख जरा जवळची असेल तर पुढचाही येतो: कंपनीचा माल महापालिकेत खपवायलाच ना?

माझं उत्तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मेडिकलच्या काउंटरवर आहे.

एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणारा प्रतिनिधी होतो, तेव्हा भेटी आटोपल्या की आरसीपीए, म्हणजे मेडिकलमधल्या चिठ्ठ्यांची पाहणी करावी लागे. मेडिकलमध्ये उभं राहायचं, कुठल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आपला ब्रँड किती आणि समोरच्या कंपनीचा किती, ते डायरीत उतरवायचं. संध्याकाळी विड्या जमा करून परतणाऱ्या बायका यायच्या. चिठ्ठीवर बीपीच्या तीस गोळ्या लिहिलेल्या. बाई दर विचारायची, पदराची गाठ सोडायची आणि तेलुगूत म्हणायची, "सगम चालु." अर्धं पुरे. अर्धं म्हणजे पंधरा गोळ्याही नव्हेत, अर्धी पट्टी. दुकानदार कात्रीने पट्टी कापायचा, पाच गोळ्या द्यायचा. मी डायरीत लिहायचो: चिठ्ठी एक, ब्रँड आमचा. पुढे मॅनेजर झाल्यावर हेच मी नव्या पोरांना शिकवलं. त्या कात्रीसाठी डायरीत रकानाच नव्हता, आणि तो असावा असं मीही कधी वर कळवलं नाही. याची बोच अजून आहे.

किंमत कशी ठरते ते मला पाठ होतं. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे सरकारच्या अत्यावश्यक यादीतल्या औषधाची कमाल किंमत निघते ती बाजारात निदान 1 टक्का वाटा असलेल्या ब्रँडांच्या सरासरीवर, आणि त्यात दुकानदाराचे 16 टक्के. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. हे सगळं दिल्लीत ठरतं, नगरसेवकाच्या हातात त्यातलं काही नाही. पण गोळी गल्लीतल्या महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळाली तर कात्री लागतच नाही. तेवढ्यासाठी 2017 ला उभा राहिलो. 102 जागा, बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे, निवडून आलो.

अर्ज भरण्याआधी राजीनामा दिला, कंपनीचे शेअर होते तेही विकले. घरचे नाराज झाले. लोक औषध कंपन्यांतून राजकारणात गेलेल्यांचे दाखले देतात: अरिस्टोचे संस्थापक महेंद्र प्रसाद 1980 मध्ये लोकसभेत गेले, पुढे कितीतरी वर्षं राज्यसभेत होते, हेटेरोचे पार्थसारधी रेड्डी 2022 मध्ये राज्यसभेवर गेले. अमेरिकेत एलाय लिलीचा तिथला कारभार पाहिलेले अ‍ॅलेक्स अझार 2018 मध्ये आरोग्यमंत्री झाले. त्याआधी सिनेटमध्ये त्यांना लिलीच्या इन्सुलिनच्या वाढलेल्या किमतींबद्दल प्रश्न ऐकावे लागले. ते प्रश्न विचारले गेले हे मला योग्यच वाटतं. औषध विकणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नसावा. मग तो राज्यसभेत असो नाहीतर प्रभागात.

निवडून आल्यावर मात्र लोक माझ्याकडे गोळ्या मागायला आले नाहीत, पाणी मागायला आले. उजनी धरण भरलेलं आणि नळ चार-चार दिवसांनी. घरोघरी बॅरल भरून ठेवलेली, त्यात डेंग्यूच्या डासाच्या अळ्या. इतकी वर्षं तापाच्या गोळ्या विकल्या, पण कोणाच्या घरातलं बॅरल कधी उघडून पाहिलं नव्हतं. पहिली दोन वर्षं टँकर, व्हॉल्व्ह आणि गटारीतच गेली.

गोळ्यांचं काम झालं ते एवढंच. कंपनीत महिनाअखेरीला प्रत्येक स्टॉकिस्टचा, म्हणजे घाऊक विक्रेत्याचा, क्लोजिंग स्टॉक यायचा. कुठे किती पट्ट्या उरल्या, कुठल्या एक्स्पायरीला आल्या, सगळं कळायचं. इकडे एका दवाखान्यात विचारलं, बीपीच्या गोळ्या किती दिवस पुरतील? कोणालाच सांगता येईना. वर्षभर मागे लागलो तेव्हा दाराशी फळा लागला: औषधाचं नाव, शिल्लक, किती दिवसांची. मराठीत आणि तेलुगूत.

मार्च 2022 ला मुदत संपली, प्रशासक आले. फळा अजून आहे. दर सोमवारी खडूने आकडे लिहायचे असतात. कधी महिन्याभरापूर्वीचेच दिसतात. तसे दिसले की मी आत जातो आणि डबे मोजून घ्यायला लावतो.