८४५ वर्षं फक्त मुलगे!

एडिनबराच्या आमच्या रॉयल हायस्कूलचा विषय निघाला की लोक ११२८ पासूनच सुरू करतात, राजा पहिला डेव्हिड, होलीरूडचा मठ वगैरे वगैरे. २०२८ ला ९०० वर्षं होतील, मग मिरवणारच. पण माझ्यासाठी शाळेचं खरं साल १९७३, त्या वर्षी मुलींना प्रवेश मिळाला आणि शाळा आसपासच्या सगळ्याच पोरांची झाली. आम्ही शाळेजवळच डेव्हिडसन्स मेन्सला राहायचो, एवढ्यावर माझी अॅडमिशन झाली, ना फी ना डोनेशन. आईला किती दिवस पटतच नव्हतं, एवढी नावाजलेली शाळा आणि फुकट, म्हणजे काहीतरी गोम असणार!

शाळेच्या जुन्या फोटोंत दिसते ना ती कॅल्टन हिलवरची खांबाखांबांची बिल्डिंग, ग्रीक देवळासारखी, थॉमस हॅमिल्टनची, १८२९ ची, तिथे आमचा एकही तास झाला नाही. शाळा १९६८ लाच शहराच्या पश्चिमेला बार्नटनला आली होती. जुन्या बिल्डिंगमध्ये मग स्कॉटिश असेंब्ली, म्हणजे स्कॉटलंडची स्वतःची विधानसभा, बसायची होती, तयारी पण झाली, पण १९७९ च्या सार्वमतात 'हो' वाले जास्त असूनही एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट काही पुरी झाली नाही आणि सगळं तसंच राहिलं.

आम्हा पोरांचा आवडता इतिहास मात्र १५९५ चा. सुट्टी नाकारली म्हणून मुलांनी हत्यारं घेऊन स्वतःला शाळेत कोंडून घेतलं, जॉन मॅकमोरन नावाचा बडा व्यापारी, शहराचा अधिकारी, दार फोडायला आला तर विल्यम सिंक्लेअर नावाच्या पोराने सरळ गोळी घातली, मॅकमोरन जागीच गेला. पोरगा बड्या घरचा, त्यामुळे शेवटी सुटला. हे आपल्याकडच्यांना वेगळं समजवायची गरज नाही. मॅकमोरनचं घर अजून आहे, लॉनमार्केटला रिडल्स कोर्टमध्ये, गेलात तर बघा.

शाळेत चार हाउस, अँगल्स, ब्रिटन्स, पिक्ट्स आणि स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या लोकांची नावं. मी पिक्ट! आडनाव अस्सल सदाशिव पेठी आणि स्पोर्ट्स डेला बोंबलायचं पिक्ट्ससाठी.

९०० वर्षांच्या स्मरणिकेत लेखक वॉल्टर स्कॉट आणि टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांचे फोटो येणारच, दोघंही इथलेच. पण १९७३ च्या पहिल्या मुलींना पण दोन पानं द्या हो. त्या आता साठीच्या पुढे असतील, त्यांना गाठून विचारा की इतकी शतकं मुलग्यांच्याच असलेल्या शाळेत पहिल्या दिवशी मुलींचं टॉयलेट सापडलं का.

आणि एक नाव आपण मराठी लोकांनी तरी विसरू नये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुण्याचा रेसिडेंट, १८१७ ची खडकीची लढाई, नंतर मुंबईचा गव्हर्नर, तोच. १७९१ च्या सुमारास तो याच शाळेत होता, तेव्हा शाळा हायस्कूल यार्ड्समध्ये भरायची. मला हे शाळेत कोणी सांगितलं नाही, लायब्ररीत सापडलं, आणि मी उत्साहात पुण्याला आजोबांना फोन लावला. ते म्हणाले, "म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्याच्या शाळेत घातलंय होय तुला!" मी म्हटलं, आजोबा, तुमची डिग्री कुठल्या कॉलेजची? एल्फिन्स्टनची. मग विषय हवापाण्यावर गेला.