टाकळ्याचे लाड

पहिल्या पावसानंतर आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत टाकळा इतका माजतो की वॉचमनकाका विळा घेऊन सपासप कापत सुटतात. कोवळ्या पाल्याची भाजी हाताशी असावी म्हणून मी तो बाल्कनीत 'लावला'. शेणखत, कोकोपीट, दोन वेळा पाणी. वीस दिवस कुंडी ढिम्म! मग कळलं, बियांचं कवच टणक असतं, खरवडून भिजत घालायला हवं. पॉलिश पेपरवर एकेक बी घासत बसले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरांचे नाही केलेस एवढे लाड!"

चार रोपं आली. पिवळी, मरतुकडी. दोन कबुतरांनी उपटली. शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत मात्र घोळ, कुणी बोलावलं नसताना, ऐसपैस पसरलीय. काल तिचीच मूगडाळ घालून भाजी केली.