राजीनाम्याआधीची वही

मुलगी तेव्हा अडीच वर्षांची. बायको महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स, तिच्या तीन पाळ्या. मी अंधेरीला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला, घर डोंबिवलीत. दादरला गाडी बदलून पोचेपर्यंत साडेसात व्हायचे आणि पाळणाघर सातला बंद. मी धापा टाकत जायचो तेव्हा मावशी केर काढत असायच्या आणि ही दाराशी बसलेली, स्वतःच बूट चढवून. डावा उजव्या पायात.

नोकरी सोडायची तर मीच, हे ठरायला दोन मिनिटं लागली. बायकोची नोकरी कायम, पगार ६२ हजार. माझे हातात ४६.

मग वही काढली. अकाउंट्सवाल्याला दुसरं काय सुचणार! पाळणाघर ९,०००, पास-डबा-चहा ५,५००, पोळीवाल्या मावशी २,५००, रिक्षा आणि जादा तासांचे १,५००. म्हणजे ४६ हजार मिळवायला १८,५०० जात होते. खरी तूट २७,५००. घराचा हप्ता २१ हजार, तो तिच्या पगारातून गेला की उरतात ४१.

कागदावर जमलं म्हणून लगेच राजीनामा टाकला नाही. एका पगारात भागतं का ते बघायला ऑगस्ट २०२३ पासून माझा पगार आला की दुसऱ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. सप्टेंबरात गणपती आले आणि १४ हजार काढावे लागले. बरंच झालं. सण, लग्नाचे आहेर, गाडीचा विमा या वहीत नसलेल्या गोष्टी तेव्हाच कळल्या. नवीन रकाना पाडला.

डिसेंबरपर्यंत थांबलो ते ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेसाठी. पाच वर्षं पूर्ण व्हायला हवी होती. बेसिक पगार २६ हजार, महिन्याचे दिवस २६ धरून भागलं की १५ दिवसांचे १५ हजार, गुणिले पाच: ७५ हजार. चार महिने आधी निघालो असतो तर यातलं काही मिळेल याची खात्री नव्हती. पीएफ मात्र काढला नाही, तिथेच आहे.

सगळ्यात मोठी चूक मेडिक्लेमची. आई-बाबा ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत होते, बाबांना मधुमेह. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी पुन्हा प्रतीक्षा. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं धरली जातात, हे मला कळलं नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात, तेही कँटीनमध्ये गप्पा मारताना. एचआरनं आपणहून काही सांगितलं नव्हतं. धावपळ करून जमवलं. हप्ता वर्षाला ६० हजार, म्हणजे तूट ३२,५०० वर गेली.

त्यातली थोडी भरायला आता दोन दुकानांचं जीएसटीचं काम करतो, महिन्याला ६,०००. ११ आणि २० तारखेला, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, रात्री जागरण.

‘घरी बसलाय’ हे आता ऐकू येईनासं झालंय. सोसायटीतले एक काका अजून भेटले की ‘काही बघताय का?’ विचारतात. मी म्हणतो, भेंडी चांगली मिळतेय का ते बघतोय.

अवघड गेलं ते वेगळंच. पहिल्या महिन्यात दाढीची ब्लेडं घ्यायला दुकानात उभा होतो आणि स्वस्तातलं पाकीट उचललं. आई बाबांकडे रिक्षाचे पैसे मागायची तेव्हा ते ‘कशाला?’ विचारायचे, ते आठवलं. घरी येऊन बायकोला सांगितलं. आता दर १ तारखेला माझ्या खात्यात आपोआप पैसे येतात, घरखर्च वेगळा, माझे ३,००० वेगळे.

ती कधी विचारत नाही. मी तरी बिलं फ्रिजवर लावून ठेवतो.